माशाआधीचे पाणी

बदलीच्या नोकरीत असलेल्या गृहस्थाच्या घरी सामानाची बांधाबांध सुरू झाली, की कपाटे, पलंग, पुस्तके आणि भांडी यांची विल्हेवाट एकामागून एक लागत जाते, कुंड्या शेजारी जातात, मांजर गावी पोचते, आणि अगदी शेवटी, टेम्पो दाराशी उभा राहण्याच्या सुमारास, दिवाणखान्यातील काचपेटीत फिरणाऱ्या चारपाच गोल्डफिशचे काय करावयाचे हा प्रश्न उपस्थित होतो. मग कोणा भाच्याला निरोप जातो. तो सायंकाळी झाकणाची बादली घेऊन येतो, परतताना बाजारातून नवी पेटी, निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकचे एक झाड आणि तोंड उघडमीट करणारा एक शिंपला खरेदी करतो, आणि घरी पोचताच नळाच्या पाण्याने पेटी भरून मासे तिच्यात सोडून देतो. त्या रात्री ती पेटी अत्यंत शोभिवंत दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन हवेचे घोट घेऊ लागतात, आणि पंधरवड्याच्या आत एकेक करून ते गेले, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, की आपल्या घराला मासे लाभत नाहीत, अथवा पेटीची दिशा चुकली.

दिशेचा येथे काडीमात्र संबंध नसतो. ती पेटी अस्वच्छ नव्हती. उलट ती प्रमाणाबाहेर स्वच्छ, किंबहुना निर्जीव होती, आणि तेच मृत्यूचे कारण झाले, हे विधान सकृद्दर्शनी विपरीत वाटेल. तथापि पाणी डोळ्यांस निर्मळ दिसणे आणि ते माशाच्या वास्तव्यास योग्य असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी असून, पहिली तासाभराच्या श्रमाने साधते, तर दुसरीस सामान्यतः चार ते सहा आठवड्यांचा अवधी द्यावा लागतो, हे मासे पाळू इच्छिणाऱ्याने, आणि विशेषतः दुसऱ्याच्या घरचे वाढलेले मासे आपल्या ताब्यात घेऊ इच्छिणाऱ्याने, खर्चाची तजवीज करण्यापूर्वीच समजून घ्यावयास हवे.

महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत महसीर जातीचे मोठमोठे मासे देवाचे मासे म्हणून अभय पावून राहतात, आणि भाविक त्यांना हाताने खाऊ घालतात. त्या डोहाचे पाणी कोणी बदलत नाही, कोणी गाळत नाही, आणि तरीही मासे सुखाने नांदतात, याचे कारण डोहाचा विस्तार, वाहता प्रवाह, तळाचे खडक-वाळू आणि त्यांवर वस्ती करून असलेली असंख्य सूक्ष्म जीवसृष्टी यांच्या हाती तेथील सफाईचा कारभार असतो. काचपेटीत प्रवाह नाही, विस्तार नाही, आणि नव्या पेटीत ती जीवसृष्टीही नाही. जे पाण्यात पडले ते पाण्यातच राहते. माणसाने हा कारभार उभा करून द्यावयाचा असतो, आणि तो मासे येण्याच्या अगोदर सुरू झालेला असावा लागतो.

प्रथम पात्राचा विचार करू. वाटोळ्या काचेच्या भांड्यात एकटा गोल्डफिश ठेवण्याची चाल आपल्याकडे अद्याप गेलेली नाही. रोम शहराने २००५ साली अशा भांड्यांना कायद्याने मनाई केली, आणि हा हुकूम हास्यास्पद मानण्याचे कारण नाही, कारण बाजारात बोटाएवढा दिसणारा हा मासा योग्य परिस्थितीत वीतभर लांब होतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधील ‘टिश’ नावाचा एक गोल्डफिश, जो १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो ४३ वर्षे जगून १९९९ साली मरण पावला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते; एवढ्या पाण्यात गप्पी किंवा तत्सम लहान मासे समाधानाने राहतील, पण वाढलेले चार गोल्डफिश स्वीकारणाऱ्याने याच्या तिप्पट तरी पाण्याची तयारी ठेवावी. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच पेटीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन १९० किलो झाले. काच, खडे आणि चौरंग धरून हा भार अडीचशे किलोंच्या घरात जातो. तेव्हा दिवाणखान्यातील शोकेसच्या फळीवर तो लादण्याचा मोह आवरून, त्यासाठीच केलेल्या भक्कम आणि सपाट स्टँडवर, खाली थर्माकोलचा पत्रा घालून, पेटी ठेवावी हेच शहाणपणाचे.

जुनी पेटी माळ्यावरून काढली असेल, तर तिच्या सांध्यांतील सिलिकोन सुकून तडकलेले असण्याचा संभव फार. अशी पेटी अंगणात किंवा न्हाणीघरात पाण्याने काठोकाठ भरून, खाली वर्तमानपत्र पसरून, दोन दिवस तशीच ठेवावी. कागद ओला झाला तर सांधे उकलून नव्याने भरावे लागतात. मात्र न्हाणीघराच्या कामासाठी जे बुरशीनाशक सिलिकोन मिळते ते माशांस विषारी असल्याने येथे निषिद्ध समजावे, आणि मत्स्यपेटीसाठीचे सिलिकोनही त्याचा आंबूस वास पूर्णपणे गेल्यावाचून पाण्याखाली घेऊ नये. पेटी धुण्यास साबण आणि भांडी घासण्याची पावडर वर्ज्य. जाडे मीठ आणि स्वच्छ फडके पुरेसे असते, आणि काचेवर बसलेले क्षारांचे पांढरे थर व्हिनेगरने निघतात. पेटीत पूर्वी रोगाने मासे मेले असतील, तर ब्लीचच्या सौम्य द्रावणाने ती निर्जंतुक करून, पुनःपुन्हा खळबळून, वास नाहीसा होईपर्यंत उन्हात वाळवावी.

तळाचे खडे धुतल्यावर खाली पडणारे पाणी नितळ होईपर्यंत धूत राहणे हे कंटाळवाणे पण अपरिहार्य काम होय. त्यांतील मूठभर खड्यांवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यांत चुन्याचा अंश आहे आणि तो पाण्याचा सामू वाढवील असे समजावे. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू हौसेने आणणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, कारण त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. शोभेच्या वस्तूंविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. ज्यांचा रंग सुटतो, ज्यांना धारदार कडा आहेत किंवा ज्या धातूच्या आहेत त्या नकोत, एवढे पुरे.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. खिडकीतील ऊन नको, त्याने शेवाळ माजते, हे सर्वज्ञात आहे. परंतु हवेचा पंप ज्या खोलीत चालतो त्या खोलीतील हवाच तो अखंड पाण्यात ढकलत असतो, आणि डास मारण्याच्या फवाऱ्यांत व वड्यांत वापरली जाणारी कीटकनाशके मनुष्यास सौम्य असली तरी माशांस अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, याचा विसर पडून पंपाशेजारीच डासांचे यंत्र लावले जाते. घरात पेस्ट कंट्रोल व्हावयाचे असेल, तर ते मासे आणण्याच्या आधीच उरकून घ्यावे. विजेच्या तारा पेटीखाली झोळ देऊन मग प्लगाकडे वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, अन्यथा भारनियमनाच्या वेळी पाणी उलट चढून पंपात आणि तेथून जमिनीवर येते. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करण्याचा नियम लहानथोर सर्वांनी पाळावा. पुणे-नाशिककडील हिवाळ्यात उष्ण कटिबंधातील माशांस हीटर लागतो, लिटरमागे सुमारे एक वॅट हे त्याचे स्थूल प्रमाण. विदर्भातील उन्हाळ्यात प्रश्न याच्या उलट असतो: २० अंश तपमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो साडेसातवर येतो, आणि नेमका त्याच वेळी माशाचा श्वासोच्छ्वास वाढलेला असतो, तेव्हा पृष्ठभागावरून पंख्याचा झोत सोडणे आणि हवेचे बुडबुडे वाढवणे हे उपाय योजावे लागतात.

आता पाण्याकडे वळू. नळाचे पाणी माणसास निर्धोक व्हावे म्हणून त्यात क्लोरीन घातलेले असते, आणि भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. माशाचे कल्ले इतके नाजूक, की याच्या अंशमात्र प्रमाणानेही त्यांस इजा पोचते. उघड्या पिंपात पाणी काढून चोवीस तास हवेचा दगड सोडून ठेवले, तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला पूर्वीचे छायाचित्रकार ‘हायपो’ म्हणून ओळखत आणि जे आता मासेवाल्याकडे ‘अँटिक्लोर’ म्हणून थेंबांच्या बाटलीत मिळते, ते वापरावे. क्लोरीनच्या वजनाच्या सुमारे सातपट हायपो त्यास पुरतो. जेथे पाणीपुरवठ्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरले जाते तेथे मात्र पाणी नुसते उघडे ठेवून भागत नाही. खेड्यात विहिरीचे पाणी म्हणून निर्धास्त राहू नये. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टीसीएल पावडर केव्हा टाकून गेला याची चौकशी करावी, आणि शहरात सोसायटीची टाकी धुतल्यानंतरच्या दिवशी पाणी भरू नये.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते, तर मुंबईस तानसा-वैतरणा-भातसाकडून येणारे पाणी त्या मानाने मृदू. यांतील कोणतेही पाणी मुळात वाईट नव्हे; मासा ज्या पाण्यात वाढला त्याहून ते किती वेगळे आहे हे महत्त्वाचे. देणाऱ्याच्या पेटीतील पाण्याचा सामू आणि जडपणा आगाऊ मोजून घेतला, तर आपल्याकडील पाण्याशी ताळा करता येतो. काही उदार गृहस्थ माशांनाही पिण्याच्या यंत्रातील शुद्ध पाणी द्यावे म्हणून आरओचे पाणी पेटीत भरतात. त्यांच्या सद्भावनेचा आदर राखून सांगावेसे वाटते, की त्या पाण्यातून क्षार निघून गेलेले असल्याने त्यात सामू स्थिर राखण्याची शक्ती उरत नाही, आणि थोड्याच दिवसांत ते आम्ल होऊ लागते.

येथवरचे सर्व काही एका रविवारात उरकण्याजोगे आहे. खरा विषय यापुढचा.

मासा जे प्रथिनयुक्त अन्न खातो त्यातील नत्राचा निरुपयोगी भाग तो प्रामुख्याने अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे अहोरात्र पाण्यात सोडीत असतो. तळाशी कुजणारे उरलेसुरले अन्न त्यात भर घालते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत वावरतो, एक बऱ्याच अंशी निरुपद्रवी आणि दुसरे अत्यंत विषारी, आणि कोणत्या रूपाचे प्रमाण किती हे पाण्याच्या सामूवर आणि उष्णतेवर अवलंबून असते: २५ अंश तपमानास, सामू ७ असता एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, सामू ८ असता तो ५ टक्क्यांवर जातो, आणि ९ असता एकतृतीयांशाहून अधिक. एकाच दुकानातून आणलेले मासे एका घरी तगले आणि दुसऱ्या घरी मेले, या नित्याच्या कोड्याची उकल बहुधा येथे सापडते.

निसर्गात या अमोनियावर उपजीविका करणारे जीवाणू आहेत. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाईबंद अमोनियाचे नायट्राइट करतात; पण नायट्राइटही विषच, कारण ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरून रक्तरंजकाची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, रक्त तपकिरी पडते, आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ कमी घातक असून दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलल्याने ताब्यात राहते. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसून खडे, काच आणि मुख्यत्वे फिल्टरमधील स्पंज यांच्या पृष्ठभागास चिकटून राहतात. अडचण एवढीच, की इतर कित्येक जीवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात संख्येने दुप्पट होतात, तर यांना त्यासाठी कित्येक तास, पुष्कळदा अख्खा दिवस लागतो. नव्या पेटीतील पाणी तिसऱ्या दिवशी जे दुधाळ होते ते त्या त्वरेने वाढणाऱ्या इतर जीवाणूंमुळे. आपल्याला हवे असलेले अजून रुजूच झालेले नसतात.

मत्स्यपेटीचा शौक या ज्ञानाच्या बराच आधीचा आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली दोन छोटे गोल्डफिश, थोड्या पाणवनस्पती आणि गोगलगायी एका पात्रात ठेवून प्राणी व वनस्पती यांचा परस्परपूरक तोल दाखविला, १८५३ साली तेथील रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ येताच घरोघरी काचपेट्यांची लाट आली. वनस्पती प्राणवायू देतील आणि मासे जगतील, एवढ्याच भरवशावर ठेवलेल्या त्या पेट्यांपैकी अनेकींची अखेर दुर्गंधीत झाली. नायट्रेट बनण्याची क्रिया जिवंत सूक्ष्मजीव घडवून आणतात हे १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. त्यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले, आणि क्लोरोफॉर्मची वाफ दिल्यावर ते थांबले. ती नळी म्हणजे आजच्या फिल्टरची पूर्वजच म्हणावयास हवी, आणि ते वीस दिवस प्रत्येक नव्या पेटीस आजही चुकलेले नाहीत. हे जीवाणू वेगळे काढण्याचे यश विनोग्राद्स्की यांना झुरिकमध्ये १८९०च्या सुमारास लाभले, आणि गोड्या पाण्याच्या पेट्यांतील नायट्राइटचे काम प्रायः नायट्रोस्पायरा पाहतो, पूर्वी समजत तसा नायट्रोबॅक्टर नव्हे, हे ध्यानात येण्यास १९९८ साल उजाडावे लागले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि ते पाहून आलेल्या मुलांनी घरी माशांचा हट्ट धरावा हे स्वाभाविकच होते. काचेमागे सुरू असलेली गाळणीची खटपट मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीस कधी पडली नाही.

तर ही वसाहत मासे येण्यापूर्वी कशी वसवावी? तिला अन्न हवे, म्हणजे अमोनिया हवा, आणि तो माशांवाचून पुरवावयाचा आहे. यासाठी उत्तम वस्तू म्हणजे अमोनियम क्लोराइड, अर्थात आपला नवसागर. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकून जो पांढरा धूर काढीत असे तोच. मात्र बाजारी नवसागरात भेसळ आणि अन्य धातूंचे अंश असण्याची भीती असल्याने प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध माल घ्यावा. पेटी क्लोरीनविरहित पाण्याने भरून, फिल्टर आणि हवा सुरू करून, १०० लिटर पाण्यास सुमारे ०.६ ग्रॅम नवसागर घातला, म्हणजे अमोनियाचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास येते. एवढे वजन घरच्या तराजूवर कळणार नाही, तेव्हा ६ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील १०० मिलिलिटर घालावे. याहून दुपटी-तिपटीने अधिक घातल्यास काम त्वरित होण्याऐवजी रेंगाळते. त्यानंतर एक-दोन दिवसांआड अमोनिया आणि नायट्राइट यांची चाचणी घेऊन वहीत नोंद करीत जावे. चाचणीचे रंगीत द्रावणाचे संच आता ठिकठिकाणी मिळतात, आणि माझ्या मते पेटीसाठी करावयाच्या सर्व खर्चांत हा एकच खर्च असा आहे की ज्यात काटकसर करू नये.

पहिला आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक, अमोनिया जसाच्या तसा राहील. हा काळ नवशिक्याच्या धीराची परीक्षा पाहणारा असतो, आणि याच काळात ‘मासे एकदा सोडून तर पाहू’ ही मसलत घरातून पुढे येते. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. नायट्राइट बरेच दिवस ठाण मांडून बसते. आणि मग एके दिवशी दोन्ही नाहीशी होतात. तरीही लगेच हर्ष मानू नये. पुन्हा पूर्ण मात्रा घालावी, आणि चोवीस तासांनंतर अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आले, तरच पेटी सिद्ध झाली असे म्हणता येते. मुंबईसारख्या मृदू पाण्यात हे काम कधी मधेच थांबते, कारण नायट्रेट तयार होताना पाण्याची क्षारता खर्ची पडते आणि सामू साडेसहाखाली गेला की जीवाणू मंदावतात. फिल्टरमध्ये कालवांच्या शिंपल्यांच्या चुऱ्याची एक लहानशी पुरचुंडी ठेवली की काम पुन्हा चालू लागते. अखेरीस साठलेले नायट्रेट काढून टाकण्यासाठी तीनचतुर्थांश पाणी बदलावे. मासे येण्यास विलंब होणार असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी थोडा नवसागर घालीत राहावे, नाहीतर वसवलेली वसाहत उपाशी पडून क्षीण होते.

याहून जवळची एक वाट आहे, आणि दुसऱ्याच्या घरचे मासे घेणाऱ्यास ती विशेष सुलभ असते. दह्यास जसे विरजण लागते तसे येथे जुन्या, निरोगी पेटीतील फिल्टरचा स्पंज लागतो. तो नव्या फिल्टरमध्ये घातला, तर आठवड्यांचे काम कित्येकदा थोड्याच दिवसांत होते, आणि संपूर्ण जुना फिल्टरच आणला तर त्याहूनही लवकर. पण लोक करतात ते नेमके उलट. जुन्या पेटीतील पिवळसर पाणी ‘माशांच्या सवयीचे’ म्हणून बादल्या भरभरून मोठ्या निष्ठेने वाहून आणतात, ज्यात जीवाणू जवळजवळ नसतातच, आणि तो अमोल स्पंज मात्र घाण दिसतो म्हणून नळाखाली पिळून, साबण लावून, उन्हात वाळत घालतात. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, ओला ठेवावा, आणि पाण्यासह उघड्या तोंडाच्या डब्यातून काही तासांच्या आत नव्या पेटीत चालू करावा; बंद फिल्टरमध्ये साचून राहिलेल्या पाण्यातील प्राणवायू संपला, की हे जीवाणू गुदमरू लागतात. बाटलीबंद जीवाणूंच्या जाहिरातींविषयी इतकेच म्हणता येईल, की त्यांतील काही उपयुक्त ठरतात आणि काही ठरत नाहीत, पण चाचणीची सक्ती कोणत्याही बाटलीने माफ होत नाही.

पेटी सिद्ध झाल्यावर प्रत्यक्ष स्थलांतराचा दिवस तितकासा कठीण राहत नाही. आदल्या दिवशी माशांना अन्न देऊ नये, म्हणजे प्रवासात पाणी कमी दूषित होते. पिशवीत एकतृतीयांश पाणी आणि दोनतृतीयांश हवा असावी, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात अंधारात ठेवावी. शेजारच्या गावाहून तासा-दोन तासांत आलेली पिशवी पंधरावीस मिनिटे नव्या पेटीत तरंगत ठेवून तपमान सारखे करावे, मग अर्ध्या तासात थोडे थोडे नवे पाणी तिच्यात घालावे, आणि जाळीने मासे उचलून पेटीत सोडावे. पिशवीतले पाणी आत ओतू नये. मात्र रात्रभराचा रेल्वेप्रवास करून आलेल्या पिशवीस हा नियम लागू करताना सावध राहावे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कर्बवायू साठून सामू उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहिलेला असतो. पिशवी उघडताच कर्बवायू उडून जातो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तासभर थेंब-थेंब पाणी घालीत बसण्याची काळजी हीच घातक ठरते. पेटीच्या पाण्याचा सामू आणि जडपणा आधीच जुळवून ठेवावा, तपमान सारखे होताच पिशवी उघडावी आणि मासे तत्काळ आत घ्यावेत.

त्या दिवशी दिवा बंद, अन्न बंद. पेटीवर झाकण हवे, कारण नव्या जागी बुजलेला मासा उडी मारतो. पुढचा आठवडाभर रोज चाचणी घ्यावी, आणि अमोनिया किंवा नायट्राइट किंचित जरी दिसले तरी तिसरा हिस्सा पाणी बदलून अन्न निम्मे करावे. घरी आधीचे मासे असतील, तर नव्यांना तीनचार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवल्यावाचून त्यांत मिसळू नये; पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी डोळ्यांना दिसण्यापूर्वी अंगावर असू शकतो. पाळणाऱ्याच्या प्रकृतीविषयीही एक सूचना करावीशी वाटते: माशांच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा क्षयाच्या जातीचा एक जीवाणू कधीकधी असतो आणि तो हातावरील जखमेतून शिरून दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी उत्पन्न करतो, तेव्हा हातास जखम असता पाण्यात हात घालू नये, आणि नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढण्याची जुनी सवय टाकून द्यावी.

एवढी यातायात झेपणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी मासे घेण्यास नकार द्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ज्यांना ते देऊन टाकावयाचे आहेत त्यांनी ते जवळच्या तळ्यात वा विहिरीत सोडून पुण्य जोडल्याचे समाधान मानू नये. शोभेच्या पेट्यांतून सुटलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही.

मासे दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यांस म्हणूनच एक विनंती आहे. बदलीचा हुकूम हाती पडला, की भाच्याला त्याच दिवशी कळवावे, टेम्पो दाराशी येईपर्यंत थांबू नये. माशांबरोबर त्यांचा फिल्टर न धुता, ओलाच्या ओला द्यावा. पेटीतील पाण्याचा सामू, तपमान आणि रोजच्या खाद्याचे प्रमाण एका कागदावर लिहून द्यावे, आणि त्याची पेटी चोवीस तासांच्या चाचणीस उतरली आहे हे स्वतः पाहिल्याखेरीज मासे घराबाहेर काढू नयेत.